बॉबकट

तिसरीची परीक्षा संपली आणि माझ्या डोक्यात उवा झाल्या. आईची फणी झाली, रॉकेल झालं, सीताफळाच्या बियांची पूड झाली, शेवटी तिनं हात टेकले. मग बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेले. दुकानात सगळे पुरुषच. न्हाव्यानं खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकली, तिच्यावर मला बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं. बाबा एवढंच म्हणाले, "बॉबकट."

खाली पडलेली वेणी मी उचलायला गेले, तर न्हाव्यानं ती पायानं बाजूला सारली. घरी आल्यावर आजी बाबांशी दोन दिवस बोलली नाही. मोठीआईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, मात्र मला माजघरात बोलावून घेतलं आणि काहीतरी विचारलं. ते पुढे सांगते.

बॉबकट हा शब्द मला तेव्हा अस्सल मराठी वाटायचा. बॉयकट, मशरूमकट, साधनाकट ही त्याची भावंडं. हा बॉब कुणीतरी साहेब असणार, त्याचे केस तसे असणार, अशी माझी समजूत होती. पुष्कळ वर्षांनी कळलं की बॉब कुणी नव्हताच. घोड्याची शेपूट आखूड छाटतात त्याला इंग्रजीत हा शब्द होता, तोच बायकांच्या केसांना येऊन चिकटला. आणि शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत या छाटलेल्या शेपटीपायी घरोघरी जे रामायण घडलं, त्यापुढे माझ्या आजीचा दोन दिवसांचा अबोला काहीच नाही.

गेली बरीच वर्षं मी मेरीलँडमध्ये राहते. वॉशिंग्टन मेट्रोनं अर्ध्या तासावर. त्यामुळे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला टायडल बेसिनचं तळं दाखवायला नेणं हे आमच्या घराण्याचं कुलाचाराइतकं ठरलेलं काम. मार्चअखेर चेरीचा बहर असला तर उत्तमच. दोन वर्षांपूर्वी सासूबाई आल्या होत्या. पाचवारी, वर माझं जाकीट, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. जेफरसन स्मारकाच्या पायऱ्यांवर बसल्यावर मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. याच पाण्याच्या काठावरचा, ३० जून १९२२चा. पोहण्याच्या कपड्यातली एक तरुणी उभी आहे आणि तिच्यासमोर सूट घातलेला एक गृहस्थ वाकून टेपनं तिच्या गुडघ्यापासून वरचं अंतर मोजतोय.

"हा मेला काय मोजतोय गं?"

"पोलीस आहे हो. कपडा गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा जास्त नको, असा हुकूम होता."

सासूबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "मग मोजायला बाई नाही का ठेवायची?"

प्रश्न बिनतोड होता. हुकूम कर्नल शेरिल नावाच्या अधिकाऱ्याचा, टेप बिल नॉर्टन नावाच्या शिपायाच्या हातात, आणि मधे कुणाला हा प्रश्न पडलेला नाही. मुलगी मात्र बिचकलेली वाटत नाही. हा फोटो अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ग्रंथालयात आहे आणि फ्लॅपरचं, म्हणजे १९२०च्या दशकातल्या आखूड केसांच्या, आखूड कपड्यांच्या बिनधास्त तरुणीचं, नाव निघालं की तो हमखास निघतो. पुढची गोष्ट फोटोत नाही. तळ्याचा हा किनारा फक्त गोऱ्यांसाठी होता. काळ्या लोकांसाठीही एक बांधायची वेळ आली, तेव्हा काँग्रेसनं १९२५मध्ये आहे तोही गुंडाळून टाकला. म्हणजे गोऱ्या मुलीच्या मांडीला सहा इंचांची मुभा होती, काळ्या मुलीला पाण्यात पायसुद्धा बुडवायची नव्हती.

फ्लॅपर म्हणजे मुळात फडफडणारी. घरट्याच्या काठावर उभं राहून पंख मारून बघणारं पिल्लू. पहिल्यांदा इंग्लंडात अल्लड पोरींना हा शब्द लागला आणि मग अमेरिकेत गेला. बकलं न लावता घातलेले पावसाळी बूट फडफडायचे म्हणून फ्लॅपर, अशीही एक कथा सांगतात, पण शब्द त्या बुटांच्या फॅशनपेक्षा जुना आहे. मला गंमत वाटते ती आपल्या मराठीची. "तिला पंख फुटलेत" हे वाक्य आमच्या वाड्यात कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलीबद्दल कधी ना कधी बोललं गेलं आहे, आणि ते कौतुकानं म्हटलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला या फ्लॅपर पोरींचा सुरुवातीला रागच होता. त्याला कारण आमच्या जवळचंच एक ठिकाण. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला, व्हर्जिनियात लॉर्टन म्हणून गाव आहे. तिथल्या जुन्या तुरुंगाला तेव्हा ऑकोक्वान वर्कहाउस म्हणत. जानेवारी १९१७पासून मताधिकार मागणाऱ्या बायका व्हाइट हाउसच्या फाटकाशी मुकाट्यानं फलक धरून उभ्या राहत होत्या. त्यांना पकडून इथे आणलं जाई. १४ नोव्हेंबर १९१७च्या रात्री त्यांना इथे मारहाण झाली, फरपटत कोठड्यांत टाकलं गेलं. उपोषण करणाऱ्यांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न ढकललं गेलं. आता तिथे संग्रहालय आहे. त्या कोठड्या पाहून बाहेर पडताना मनात आलं, यांनी हे सोसलं आणि तीन-चार वर्षांत पुढच्या पिढीच्या पोरी काय करत होत्या, तर गुडघ्याला लाली लावत होत्या.

असं वाटणारी मी एकटी नव्हे. चळवळीतल्या कितीतरी जुन्या बायकांनी तेव्हा हेच बोलून दाखवलं. आम्ही यासाठी का झगडलो? या मुली सिगारेट ओढतात, सभांना येत नाहीत. वाचताना मला आमच्याकडच्या महिला मंडळाच्या वार्षिक सभेची आठवण झाली.

मताचा हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला राज्यांची मान्यता लागत होती. शेवटची हवी असलेली मान्यता मिळाली ती १८ ऑगस्ट १९२० रोजी, टेनेसी राज्याच्या विधानसभेत, एका मतानं. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा सभासद विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं: मुला, बाजूनं मत दे. त्यानं दिलं. एवढ्या मोठ्या देशातल्या बायकांचं भवितव्य शेवटी एका आईच्या पत्रावर येऊन ठेपलं, हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण राग पुढे ओसरला. मत चार वर्षांनी एकदा द्यायचं, तेही पडद्याआड. केस रोज सकाळी विंचरायचे, बापासमोर न्याहारीला बसायचं, कचेरीत साहेबासमोर उभं राहायचं. रोजची लढाई कुठली हे जिचं तिला ठाऊक.

कपड्यांचंच घ्या. एका व्यापारी वृत्तपत्रानं १९२८मध्ये हिशेब मांडला होता. पंधरा वर्षांपूर्वी बाईच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्या कपड्यांना मिळून, मोजे सोडून, सव्वाएकोणीस वार कापड लागायचं. आता सात वार पुरतं. मी हे वाचलं आणि हसू आलं. आमच्या नऊवारीची नऊ वार म्हणजे केवढं ओझं असं आम्ही समजायचो, आणि ह्या गोऱ्या बायका तिच्या दुपटीहून जास्त कापड अंगावर वागवत होत्या, वर कमर आवळणारा, पोलादी पट्ट्यांचा कॉर्सेट. तो सुटला, श्वास सुटला. सरळसोट, कमरेला न आवळलेला झगा आला. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या एका शिवणसंस्थेनं तासाभरात शिवून होणाऱ्या झग्याची पुस्तिकाच काढली. दुकानात टायपिस्ट असलेली मुलगी शनिवारी दुपारी कापड आणी आणि रात्री तोच झगा घालून नाचायला जाई. फ्लॅपर म्हटलं की आपल्याला श्रीमंतांच्या मेजवान्या आठवतात. माझ्या डोळ्यांसमोर शिवणयंत्र येतं.

आणि एक गैरसमज. सिनेमात दाखवतात तसले मांडीवर झुलणारे झालरीचे झगे तेव्हा कुणी रस्त्यावर घालत नव्हतं. १९२०च्या आसपास घोट्याच्या थोडं वर, मग पुन्हा खाली, आणि फार झालं तेव्हा, १९२६-२७मध्ये, जेमतेम गुडघ्याखालपर्यंत. एवढ्यावरच आकाश कोसळलं. यूटा राज्यात तर रस्त्यावर घोट्याच्या वर तीन इंचांपेक्षा आखूड स्कर्ट घातला तर दंड आणि कैद, असं विधेयक आलं होतं. जिथे तिथे इंच!

या इंचांची सगळ्यांत विनोदी गोष्ट अटलांटिक सिटीची. न्यू जर्सीतलं समुद्रकाठचं हवा खायचं गाव. ३ सप्टेंबर १९२१ला तिथे लुईझ रोझीन नावाची बाई मोजे गुडघ्याखाली गुंडाळून किनाऱ्यावर आली. रक्षकानं मोजे वर ओढायला सांगितले. मोजे मी कसे घालावेत हे ठरवायला हे शहर कोण लागून गेलं, असं म्हणून तिनं त्याला एक ठोसा लगावला आणि उघड्या गुडघ्यांनिशी तुरुंगात जाऊन बसली. ही बाई अठरा वर्षांची पोर नव्हती बरं, ३९ वर्षांची लेखिका होती. आणि त्याच आठवड्यात, त्याच गावात, पोहण्याच्या कपड्यातल्या मुलींची पहिली सौंदर्यस्पर्धा भरली! सप्टेंबरात धंदा थंडावतो, पर्यटक आणखी चार दिवस थांबावेत, हा हेतू. जिंकली ती आमच्या वॉशिंग्टनची मार्गारेट गॉर्मन, वय १६, उंची ५ फूट १ इंच, मापं ३०-२५-३२. पुढे तिलाच पहिली मिस अमेरिका म्हणू लागले. केस तिचे लांब होते, बॉब नव्हे.

रोझीनबाई कोठडीत, गॉर्मनबाई करंडकासह. गुडघे दोघींचेही होते. एकीनं ते स्वतःच्या मर्जीनं दाखवले, दुसरीचे गावानं तिकीट लावून दाखवले.

आता केसांकडे वळते. सुरुवात नर्तकी आयरीन कासलपासून धरतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिनं केस छाटले आणि तिच्या नाचाबरोबर तिची मानही लोकांना दिसली. पण लाट उसळली ती १९२०नंतर. बायकांच्या केशभूषा करणाऱ्यांना अंबाडे आणि कुरळे बटांचे मनोरे रचता येत होते. कापायचं कसं हे कुठे येत होतं? बऱ्याच जणींनी तर नकारच दिला. मग मुली सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे गेल्या. तंबाखूच्या धुरात, दाढीच्या साबणाच्या वासात, पुरुषांच्या रांगेत नंबर लावून बसल्या. हे वाचलं तेव्हा मला माझी ती आडवी फळी आठवली.

शिकागोच्या मार्शल फील्ड या बड्या दुकानानं १९२१मध्ये बॉबवाल्या मुली कामाला नकोत असं ठरवलं. बायबलाचे दाखले निघाले, डॉक्टरांनी टक्कल पडण्याची भीती घातली, नवऱ्यांनी घटस्फोटाची. तरीही दहा वर्षांच्या आत इतकं सगळं बदललं की 'अमेरिकेची लाडकी' म्हणवणाऱ्या मेरी पिकफर्डनं १९२८च्या जूनमध्ये आपल्या जगप्रसिद्ध कुरळ्या बटा कापून टाकल्या. तिशी उलटली तरी पडद्यावर छोट्या पोरींची कामं करून ती कंटाळली होती. वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. निम्म्या देशाला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं.

बाईचे केस म्हणजे बाईचे नव्हतेच. बापाचे, नवऱ्याचे, धर्माचे, दुकानाच्या मालकाचे. म्हणून तर एवढा आकांत.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आमच्याकडे तर कात्री नव्हे, वस्तराच होता. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. तरी तीस-चाळीस वर्षांनीही ब्राह्मणवाड्यांतून ते चालूच होतं. एकाच दशकात एका खंडात बायका न्हाव्याकडे स्वतः चालत जात होत्या आणि दुसऱ्या खंडात न्हावी मागच्या दारानं बायकांकडे येत होता. यापेक्षा जास्त तुलना करायचा मला अधिकार नाही. दोन्ही ठिकाणच्या बायका निराळ्या, दुखणं निराळं.

पण एक धागा खराच आहे. अमेरिकन बाई मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट दाखवली ती पंडिता रमाबाईंनी. १८८६मध्ये त्या आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला आल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या आणि १८८९मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांना सगळ्यांत भावलेल्या बायकांत दारूबंदी संघटनेच्या बायका होत्या. फ्रान्सिस विलार्ड त्यांच्या अध्यक्ष. पांढरी फीत लावून गावोगाव फिरणाऱ्या, सभा चालवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, नवऱ्याच्या दारूनं उद्ध्वस्त झालेल्या संसारांसाठी सरकारशी भांडणाऱ्या. रमाबाईंना त्यांच्यात भविष्य दिसलं, आणि ते खोटं नव्हतं. फ्लॅपर म्हणजे याच बायकांच्या नाती.

आता नातींची कर्तबगारी पाहा. आज्यांच्या लढ्याला यश येऊन जानेवारी १९२०मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली. त्याआधीचा सलून (केस कापायचा नव्हे, दारू प्यायचा) हा बाप्यांचा अड्डा. घरंदाज बाई तिथे पाय टाकत नसे. दारूबंदीनं सलून बंद केले आणि त्यांच्या जागी तळघरांतून, मागच्या खोल्यांतून चोरटे गुत्ते निघाले. तिथे आधीपासूनचे रिवाजच नव्हते. बायका आल्या, टेबलांवर बसल्या, जिच्यात काहीही मिसळलेलं असेल ती जिन साखर-लिंबू घालून प्याल्या. आज्यांनी पुरुषांची दारू सोडवायला कायदा आणला आणि त्यानं नातींना प्यायला बसवलं! कायद्याचा असा तिरका परिणाम मी दुसरा पाहिलेला नाही. लोइस लाँग नावाची धर्मोपदेशकाची लेक 'लिपस्टिक' या टोपणनावानं १९२५पासून 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या अड्ड्यांवर सदर लिहीत होती. पहाटे नाचून थेट कचेरीत यायची, अंगात रात्रीचाच पोशाख, आणि टंकलेखन यंत्रावर बसायची. तिचं लिखाण मला आवडतं. कारण ती मुक्तीबिक्तीबद्दल एक अक्षर बोलत नाही, जेवण कुठे बरं मिळतं ते सांगते.

दुसरी गोष्ट मोटारीची. १९२०च्या दशकाच्या मध्यावर फोर्डची साधी मोटार तीनशे डॉलरांच्या आत आली होती. तोवर मुलानं मुलीच्या घरी यायचं, दिवाणखान्यात बसायचं, आई आत विणत बसलेली. मोटारीनं तो दिवाणखाना उचलून गावाबाहेर नेला. इंडियानातल्या मन्सी शहराचा तेव्हा दोन समाजशास्त्रज्ञांनी बारकाईनं अभ्यास केला. तिथल्या बालन्यायालयात वर्षभरात लैंगिक 'गुन्ह्या'साठी आणलेल्या आणि गुन्ह्याची जागा नोंदलेल्या ३० मुलींपैकी १९ जणींची जागा होती मोटार. मुलांवर खटला भरला का, असं विचारू नका.

यातून जे निस्तरायचं ते मुलींनाच. गर्भनिरोधनाची माहिती टपालानं पाठवणं १८७३च्या कायद्यानं गुन्हा होतं. मार्गारेट सँगरनं १९१६मध्ये ब्रुकलिनमध्ये दवाखाना उघडला, तो दहा दिवसांच्या आत पोलिसांनी बंद केला. १९२१मध्ये तिनं राष्ट्रीय संघटना काढली. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे आपलं केंद्र उघडून बसले होते आणि त्यांना विचारणारं कुत्रं नव्हतं. सँगर १९३५च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली. गांधीजींनी संयमाचा उपाय सांगितला. तिचं समाधान झालं नाही, त्यांचंही नाही.

आता ज्या भागाचा मला सगळ्यांत त्रास होतो तो. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार, न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू. काही तरुणी मिरवणुकीत शिरून भर रस्त्यात सिगारेट पेटवतात. बाईनं रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा भलतंच. छायाचित्रकार तयारच असतात. दुसऱ्या दिवशी बातम्या: 'स्वातंत्र्याच्या मशाली'. हा सगळा बनाव एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाचा, जो फ्रॉइडचा भाचा. पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे. बायका ओढू लागल्या तर गिऱ्हाईक दुप्पट, एवढं साधं गणित. त्याच कंपनीची आदल्या वर्षीची जाहिरात होती: गोड खाण्याऐवजी एक लकी (त्यांची सिगारेट) ओढा.

गोड सोडायचं कारण काय, तर नवा झगा सरळसोट होता. कॉर्सेट बाहेरून आवळायचा, आता बाईनं स्वतःला आतून आवळायचं. डॉ. लुलू हंट पीटर्स यांचं कॅलरी मोजायला शिकवणारं पुस्तक १९१८मध्ये आलं आणि पुढची काही वर्षं धो धो खपलं. पावाची चकती म्हणू नका, म्हणे, १०० कॅलरी पाव म्हणा. दिवसाला बाराशे. मी स्वतः गेली दहा वर्षं फोनमधल्या ॲपवर पोळीच्या कॅलरी टाकते आहे, तेव्हा हसायचा हक्क माझ्याकडे नाही. तळ्याकाठचा तो नॉर्टन १९२२मध्येच थांबला असं मला आधी वाटायचं. तो फक्त न्हाणीघरात वजनकाट्याच्या रूपानं येऊन बसला, आणि आता त्याला पगारही द्यावा लागत नाही.

तरी मला या मुलींना मूर्ख म्हणवत नाही. सिगारेट कुणीही विकली असो, रस्त्यावर उभं राहून पेटवायला हात तिचाच होता.

हे पंख सगळ्यांना फुटले नाहीत, हेही लिहायलाच हवं. चार्ल्स्टन हा नाच काळ्या कलावंतांचा. १९२३मध्ये ब्रॉडवेवरच्या त्यांच्या एका संगीतिकेतून तो देशभर पसरला आणि गोऱ्या मुलींच्या पायांनी प्रसिद्ध झाला. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९२०च्या घटनादुरुस्तीनं मिळालेलं मत हातात यायला १९६५ उजाडलं. शेतावरच्या बायकांकडे तर दशक संपेस्तोवर दहातल्या नऊ घरांत वीजसुद्धा नव्हती, रेडिओ आणि जॅझ कुठून येणार?

आणि मेरी दास. ही गोष्ट मला माझी वाटते, कारण माझे नागरिकत्वाचे कागद याच देशाच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वर्षानुवर्षं फिरले आहेत. १९०७च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. १९२२मध्ये, बायकांना मत मिळाल्यावर, तो बदलला. मात्र एक कलम राखून ठेवलं: नवरा नागरिक व्हायला अपात्र वंशाचा असेल, तर बाईचंही जाईल. १९२३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून अपात्र. मेरी जन्मानं अमेरिकन. तिनं १९२४मध्ये बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी लग्न केलं, ज्यांना १९१४मध्येच नागरिकत्व मिळालं होतं. सरकारनं त्यांचं काढून घ्यायचा घाट घातला आणि मेरी स्वतःच्या देशात परकी झाली. ते कलम १९३१पर्यंत टिकलं. ज्या वर्षांत गुडघ्याच्या इंचांवर देशभर अग्रलेख लिहिले जात होते, त्याच वर्षांत ही बाई विचारत होती, मी कोणत्या देशाची? तिचा फोटो कुठल्या फ्लॅपरच्या पुस्तकात मी पाहिलेला नाही.

ऑक्टोबर १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला आणि स्कर्ट पुन्हा पोटरीपर्यंत उतरले. १९३२मध्ये केंद्र सरकारनं कायदा केला: नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर कपातीत त्यांचा नंबर आधी. कायद्यात 'बायकोनंच जावं' असं लिहिलेलं नव्हतं. घरी कोण बसलं ते सांगायला नको. केस मात्र परत लांब झाले नाहीत, म्हणजे सक्तीनं तरी नाहीत. लांब की आखूड हा ज्याचा त्याचा प्रश्न झाला. एवढीच एक गोष्ट त्या दशकातून उरली असती तरी मी ती मोठी मानली असती.

परतीच्या मेट्रोत सासूबाई त्या फोटोबद्दल पुन्हा बोलल्या. "पोरगी धीट होती हो." मग स्वतःच्या पांढऱ्या, विरळ अंबाड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मलाही आता हे कापायचंय. मानेला फार उकडतं." पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. ८१ वर्षांच्या बाईचा बॉबकट तीस डॉलरांत झाला, टीप वेगळी. आरशात बघून त्या लाजल्या आणि मुलाला फोटो पाठवू नकोस म्हणाल्या. मी पाठवला.

तर मोठीआई. नेहमी तांबडं आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर. पणजोबा गेले तेव्हा ती तेवीस-चोवीसची होती. साल १९२२, हे मला आजीनं फार पुढे सांगितलं. मी पाहिली तेव्हा पंचाऐंशीच्या घरात, अंधाऱ्या माजघरात जपमाळ घेऊन बसलेली. त्या दिवशी तिनं माझ्या मानेवरून, कानामागून, कापलेल्या टोकांवरून बोटं फिरवली. बराच वेळ.

"कापायच्या आधी तुला विचारलं होतं का गं?"

"नाही. उवा झाल्या होत्या ना."

तिनं माळ उचलली. "मला तर उवाही नव्हत्या."